पेसा राहू द्या, आधी हरकत नोंदवा

रायगड जिल्ह्यातल्या एका कातकरी वाडीतून पत्र आलं आहे. वाडी नगरपरिषदेच्या हद्दीत गेली. ज्या माळावर पिढ्यान्‌पिढ्या माणसं पुरली, त्यावरून प्रारूप विकास योजनेत, म्हणजे शहराच्या जमीनवापराच्या कच्च्या आराखड्यात, रस्ता दाखवलाय, उरलेल्या जागेवर घरांचं आरक्षण. सातबारा सरकारी, ‘इतर हक्क’ रकाना कोरा. स्टे मिळेल का, पेसा (अनुसूचित क्षेत्रातल्या आदिवासी ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) लागेल का, असं विचारलं आहे. गावं शहरात ओढली जाऊ लागल्यापासून अशी पत्रं सारखी येतात.

तुमच्या चार पानांत कामाची ओळ एकच, तीही ताजा कलम म्हणून लिहिलेली: हरकतींची मुदत या महिनाअखेर संपतेय. पहिल्या पानावर हवी होती ती! महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 26 खाली सूचना निघते आणि मुदत राजपत्रातल्या प्रसिद्धीपासून धावते, वाडीला कधी कळलं त्यावरून नाही. मुदतीत लेखी हरकत दिली तर कलम 28 खाली नियोजन समितीसमोर म्हणणं मांडता येतं. एकदा कलम 31 खाली योजना मंजूर झाली की मग कलम 37 चा फेरबदल, म्हणजे मंत्रालयापर्यंतच्या खेपा. हायकोर्टात गेलात तरी पहिला प्रश्न हाच येईल: हरकत घेतली होती का?

नगरसेवक ‘बघतो’ म्हणाले म्हणून वर्षभर थांबलात. मागच्या अर्जाची पोचही घेतली नाहीत. पोच नाही म्हणजे तो अर्ज दिलाच नाही असं समजा.

हरकतीत भावनांवर दोन ओळी पुरे. मुद्दा असा घ्या: कलम 25 खालच्या अस्तित्वातील भू-वापर नकाशात ही दफनभूमी दाखवलेलीच नाही, म्हणून त्यावर बेतलेला प्रस्तावही चुकीचा. मागण्या दोन. रस्त्याची आखणी बदला आणि जागा दफनभूमी म्हणून दाखवा. गट नंबर, चतुःसीमा, डोक्याशी रोवलेल्या दगडांचे फोटो, गट नकाशावर लाल शाईने केलेली खूण, वाडीतल्या तीन-चार वयस्कांची प्रतिज्ञापत्रं जोडा. ‘फार पूर्वीपासून’ लिहू नका. कोणाला, कोणत्या साली, कुठे पुरलं ते लिहा. शेवटी प्रत्यक्ष सुनावणी मागा. दोन प्रती न्या, दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

त्याच आठवड्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे वेगळा अर्ज द्या. जमीन महसूल संहितेच्या कलम 22 खाली सरकारी जमीन दफनभूमीसाठी नेमून देता येते, आणि नेमून दिली की त्यांच्या मंजुरीशिवाय दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. तो अर्ज कधी हलेल यावर मी पैज लावणार नाही, पण हरकतीला त्याची प्रत जोडता येईल.

पेसाचा उल्लेख पत्रातून काढा. रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही. चुकीचा कायदा दाखवला की समोरचा अधिकारी उरलेलं वाचत नाही. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावरच्या खाणीबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा 2013 चा निकालही इथे लागत नाही, तो वनजमिनीचा आणि ग्रामसभांचा. तुमचा माळ वनखात्याच्या नोंदीत निघाला तर मात्र चित्र बदलेल: वनहक्क नियमांतल्या नियम 13 मध्ये पुराव्यांच्या यादीत दफनभूमी नावानिशी आहे. वनखात्याकडे चौकशी करा, पण त्यासाठी हरकत अडवून ठेवू नका.

स्टेचं म्हणाल, तर ते आज सांगता येत नाही. दिवाणी दाव्यात समन्स बजावेपर्यंतच रस्त्यावर खडी पडते. योजना मंजूर होण्याआधीच कोणी जेसीबी घेऊन आला तर पोलिसांत लेखी तक्रार द्या. भारतीय न्याय संहितेचं कलम 301 दफनस्थळातल्या अतिक्रमणाबद्दल आहे, शिक्षा एक वर्षापर्यंत. पण भावना दुखावण्याचा हेतू किंवा जाणीव सिद्ध करावी लागते, म्हणून त्यावर विसंबू नका.

सुनावणीची नोटीस एकाच पत्त्यावर येते. हरकतीवर असा पत्ता द्या जिथे पोस्टमनला कोणीतरी घरी सापडेल. वीटभट्टीला गेलेल्या माणसाचा नको.