कापलेले गाणे आणि उरलेला चित्रपट
(वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे)

'द मपेट ख्रिसमस कॅरल' हा १९९२ सालचा विनोदी बाहुलीपट या वेळच्या बहुतेक पत्रांचा विषय आहे. चार्ल्स डिकन्सच्या १८४३ सालच्या कथेवरील या चित्रपटात कंजूष स्क्रूजची भूमिका मायकेल केन यांनी केली आहे आणि त्याच्या भोवतीची बहुतेक पात्रे 'मपेट' नावाच्या बाहुल्या आहेत. नाताळच्या आदल्या रात्री स्क्रूजला त्याचा मेलेला भागीदार मार्ली भूत होऊन भेटतो, आणि मग गतकाळ, वर्तमान व भविष्य यांचे तीन आत्मे येऊन त्याला त्याचे आयुष्य दाखवतात. त्यातून काय कापले, का कापले आणि कथेत बदल का केले, यावरून वाचकांत चांगलीच जुंपली आहे. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : तरुण स्क्रूजला त्याची वाग्दत्त वधू बेल सोडून जाते, त्या प्रसंगातील गाणे काही प्रतींत आहे आणि काहींत नाही. आमच्या मित्रमंडळात यावरून दोन तट पडले आहेत. गाणे रटाळ आहे, मुले चुळबुळ करतात, म्हणून ते कापले हेच योग्य झाले, असे एका तटाचे म्हणणे आहे. आपले मत काय?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : 'व्हेन लव्ह इज गॉन' हे ते गाणे. संगीतकार पॉल विल्यम्स यांचे हे गाणे रीतसर चित्रित झाले होते. परंतु लहान मुले या ठिकाणी कंटाळतील असे डिझ्नीचे तेव्हाचे स्टुडिओप्रमुख जेफ्री कॅट्झनबर्ग यांना वाटले आणि चित्रगृहांत गेलेल्या प्रतींतून ते वगळले गेले. घरी पाहण्याच्या व्हिडिओ कॅसेटमध्ये मात्र ते राहिले. त्यामुळे एकाच वयाच्या दोन प्रेक्षकांच्या आठवणीत दोन वेगळे चित्रपट आहेत, आणि आपल्या मंडळातील वादाचे मूळही बहुधा तेच असावे. पुढे या तुकड्याची मूळ निगेटिव्ह सापडेना, म्हणून नव्या, स्वच्छ प्रतींत ते गाणे घालता येईना. ते सापडल्याचे दिग्दर्शक ब्रायन हेन्सन यांनी २०२० च्या डिसेंबरात सांगितले आणि २०२२ च्या डिसेंबरात गाण्यासह पूर्ण लांबीची आवृत्ती डिझ्नी प्लसवर आली.

आता मताविषयी. गाणे संथ आहे हे आम्हाला मान्य आहे, आणि ते संथच असायला हवे असेही आमचे ठाम मत आहे. बेल गात असते तेव्हा म्हातारा स्क्रूज तिच्याजवळ उभा असतो. तिला तो दिसत नाही. शेवटच्या ओळींना तो तिच्या सुरात सूर मिसळू पाहतो आणि त्याचा आवाज फुटतो. तोवर आपण पाहिलेला स्क्रूज इतरांवर खेकसणारा आहे. या माणसाने काय गमावले ते त्याला स्वतःला कळते, ते या क्षणी. गाणे काढले की बेल दोन वाक्ये बोलून निघून जाते आणि लगेच रिझो हा उंदीर हुंदके देताना दिसतो. तो कशासाठी इतका रडतो आहे, हे गाणे न पाहिलेल्या प्रेक्षकाला उमगत नाही. त्याला तो केवळ एक विनोद वाटतो.

याहून मोठे नुकसान शेवटी होते. स्क्रूजचा गरीब कारकून क्रॅचिट याच्या कुटुंबाच्या घरी सगळे जमतात तेव्हा जे गाणे होते त्याची चाल याच गाण्याची आहे. विरहाची चाल शेवटी भेटीच्या आनंदात फिरून येते, ही संगीतकाराची योजना आहे. पहिले गाणे नसेल तर शेवटचे गाणे नुसते गोड राहते, त्याला मागचा आधार राहत नाही. जे दृश्य काढल्याने दुसऱ्या एखाद्या दृश्याचा अर्थ बदलतो, ते दृश्य कथेचे आहे आणि त्याला हात लावू नये, असे आम्हाला वाटते.

प्रश्न : चित्रगृहात प्रदर्शित झाली तीच खरी आवृत्ती, असे मी मानतो. संकलकाच्या टेबलाखाली पडलेले तुकडे उचलून आणा म्हणणे हा चाहत्यांचा हट्ट नव्हे काय?
— एक वाचक, मंगळवार पेठ

उत्तर : काही वेळा तो हट्टच असतो. याच चित्रपटासाठी 'रूम इन युवर हार्ट' आणि 'चेअरमन ऑफ द बोर्ड' ही आणखी दोन गाणी ध्वनिमुद्रित झाली होती. ती चित्रीकरणापूर्वीच बाजूला ठेवली गेली आणि केवळ गाण्यांच्या अल्बममध्ये राहिली. ती परत घाला, असे आम्ही कधीच म्हणणार नाही, कारण पटकथेची उभारणीच त्यांच्याशिवाय झाली आहे. बेलच्या गाण्याचे तसे नाही. ते धरून पुढचे प्रसंग रचले, चित्रित केले, आणि मग मधला दुवा निखळला.

कोल्हापूरकरांना तर कापलेल्या दृश्याचा हा प्रश्न नवा नाही. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने याच गावात 'सैरंध्री' काढला, तो १९२० साली प्रदर्शित झाला आणि त्यातील कीचकवधाचे दृश्य इतके हुबेहूब वठले होते की ते पुढे वगळावे लागले. तेथे कात्री सरकारी होती, येथे मालकाची. प्रेक्षकाला पेलणार नाही, असे प्रेक्षकाला न विचारता ठरवले गेले, हे दोन्हीकडे सारखेच. प्रदर्शित झालेली आवृत्ती हा इतिहास आहे आणि तो जपलाच पाहिजे. पण दिग्दर्शक स्वतः वर्षानुवर्षे ज्या तुकड्याचा शोध घेत होता, त्याला टेबलाखालचा कचरा म्हणणे आम्हाला पटत नाही.

प्रश्न : कर्मिट, मिस पिगी, गोंझो अशी नावाजलेली पात्रे हाताशी असताना तीन आत्म्यांसाठी अनोळखी बाहुल्या का केल्या? आणि मूळ कथेतील एका मार्लीचे दोन का झाले?
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : सुरुवातीला ओळखीची पात्रेच आत्म्यांच्या भूमिकांत घालण्याचा विचार होता. तो सोडून दिला हे फार चांगले झाले. मिस पिगी आत्मा म्हणून आली असती तर प्रेक्षकांनी पहिल्या क्षणापासून हसायला सुरुवात केली असती आणि स्क्रूजची भीती खोटी ठरली असती. गतकाळाच्या आत्म्याची बाहुली पाण्याच्या टाकीत ठेवून चित्रित केली आहे. तिचे केस आणि वस्त्रे ज्या संथपणे तरंगतात, तसे तरंगणे हाताने हलवलेल्या बाहुलीला साधले नसते.

भविष्याचा आत्मा येतो त्या ठिकाणी लेखकाने घेतलेला निर्णय तर आम्हाला सर्वांत धीट वाटतो. चित्रपटभर गोंझो हा डिकन्स बनून निवेदन करतो आणि रिझो त्याला टोमणे मारत राहतो. भविष्याचा मुका, चेहरा नसलेला आत्मा समोर येताच हे दोघे घाबरतात, प्रेक्षकांचा निरोप घेतात आणि शेवटी भेटू म्हणून निघून जातात. हसवणारी माणसेच निघून गेल्यावर प्रेक्षक स्क्रूजसोबत स्मशानात एकटा उरतो. विनोदी चित्रपटाने विनोद इतका वेळ थांबवून धरणे सोपे नाही. म्हणूनच ज्यांनी हे केले, त्यांच्या चार-एक मिनिटांच्या गाण्यावर विश्वास ठेवायला हवा होता, असे आम्ही पुन्हा म्हणतो.

मार्लीविषयी थोडक्यात. नाट्यगृहाच्या सज्जात बसून सगळ्यांची टर उडवणारे स्टॅटलर आणि वॉल्डॉर्फ हे दोन म्हातारे मपेट मंडळींत पूर्वीपासून आहेत. त्यांना वेगळे करता येत नाही, म्हणून जेकबला रॉबर्ट नावाचा भाऊ मिळाला. हा बदल निर्दोष आहे. साखळदंडांत जखडलेली मार्लीची भुते येतात तो प्रसंग दोघांमुळे फिका पडत नाही.

प्रश्न : मूळ पुस्तकाशी हा चित्रपट प्रामाणिक आहे, असे सगळे म्हणतात. मग स्क्रूजची बहीण फॅन कोठे गेली? आत्म्याच्या झग्याखालून निघणारी 'अज्ञान' आणि 'दारिद्र्य' ही दोन मुले कोठे गेली?
— एक वाचिका, इचलकरंजी

उत्तर : आपण नेमके बोट ठेवले आहे. बहिणीचे वगळणे आम्ही समजू शकतो. दोन मुलांचे वगळणे मात्र आम्हाला सलते. गरिबांच्या मुलांच्या हालांविषयी डिकन्स १८४३ साली एक पत्रक काढणार होता. पत्रकाऐवजी त्याने ही कथा लिहिली. म्हणजे ती दोन मुले हे कथेचे निमित्तच म्हणावे लागेल. बेलच्या गाण्यासाठी इतके लढणारे चाहते या मुलांसाठी कधी लढत नाहीत, कारण हे दृश्य कापले गेले नाही, ते पटकथेत आलेच नाही. न घेतलेल्या दृश्याची उणीव सहसा कोणाला जाणवत नाही. आपल्याला ती जाणवली, याबद्दल आपले आभार. प्रामाणिकपणाचा मान या चित्रपटाला मिळतो तो मुख्यतः गोंझोच्या तोंडी असलेल्या डिकन्सच्या मूळ वाक्यांमुळे, आणि तो मान रास्त आहे.

प्रश्न : केन यांच्या शेजारी बाहुल्या चालताना दिसतात. त्या आपल्याकडील कळसूत्री बाहुल्यांसारख्या दोऱ्यांवर चालतात काय?
— एक वाचक, शिरोळ

उत्तर : नाही, बहुतेक नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीची ठाकर मंडळी रामायण सादर करतात तेव्हा सूत्रधार वर असतो आणि बाहुली खाली. मपेट बाहुलीत कलाकाराचा हात खालून जातो. त्यासाठी जमिनीच्या फळ्या काढून खाली कलाकार उभे केले जात आणि केन यांना मधल्या अरुंद फळ्यांवरून चालावे लागे. तरीही त्यांची नजर बाहुलीच्या डोळ्यांवरून ढळत नाही. आपण रॉयल शेक्सपिअर कंपनी या ब्रिटिश नाट्यसंस्थेत असल्यासारखेच काम करणार, असे त्यांनी दिग्दर्शकाला आधीच सांगितले होते. 'झपाटलेला' मध्ये लक्ष्मीकांत बेर्डे रामदास पाध्ये यांच्या तात्या विंचूला खरोखर भ्यायले म्हणून आपणही भ्यालो. केन यांचे यश त्याच जातीचे आहे.

प्रश्न : आमच्या शाळेत नाताळच्या सुटीपूर्वी हा चित्रपट दाखवायचा आहे. पाचवी-सहावीच्या मुलांसाठी कोणती आवृत्ती निवडावी?
— एक शिक्षिका, शाहूपुरी

उत्तर : पूर्ण लांबीची आवृत्ती निवडावी. डिझ्नीच्या सेवेवर ती मुख्य चित्रपटाच्या जागी न येता जोडसामग्रीच्या विभागात ठेवलेली असते, म्हणून आदल्या दिवशी शोधून, गाणे खरोखर आहे याची खात्री करून घ्यावी. इंग्रजी निवेदन जलद असल्याने स्क्रूज कोण, मार्ली कोण, तीन आत्मे का येतात, एवढे मुलांना मराठीत आधी सांगावे. बेलच्या गाण्याच्या वेळी काही मुले चुळबुळ करतील. त्यांना दटावू नये, आणि गाणे पुढेही ढकलू नये.