मावशी, सासूबाई आणि संध्याकाळची कॉफी

प्रश्न : ताई, नमस्कार. मी लहान असतानाच आई गेली. मला मावशीने वाढवलं. तिने लग्न केलं नाही, टेलिफोन खात्यात नोकरी केली, माझं शिक्षण केलं. बारावीला ती पहाटे चारला उठून माझ्यासाठी जायफळ घातलेली कॉफी करायची. कॉफी हा तिचा आयुष्यभराचा एकच षोक. आता ती एकाहत्तर वर्षांची आहे आणि पुण्यात एकटी असते. थायरॉईड आहे, रक्तदाबाच्या गोळीचा डोस गेल्याच महिन्यात वाढवलाय. आम्ही कॅनडात मिसिसागाला राहतो. सासूबाई सुपर व्हिसावर, म्हणजे आई-वडिलांसाठीच्या लांब मुदतीच्या व्हिसावर, आमच्याकडेच आहेत. मावशीलाही तसंच बोलवायचं आहे, पण ते जमत नाही म्हणतात. 'दत्तकपत्र करून घ्या' असं एका ओळखीच्यांनी सुचवलं. मागच्या जूनमध्ये ती आली होती तेव्हा दिवसाला चार कप कॉफी आणि रात्री टक्क जागी. सासूबाई चहावाल्या. दुधावरून, ओट्यावरून रोज काहीतरी व्हायचं. एकदा त्या म्हणाल्या, "आईसारखी म्हणजे काही आई नव्हे." मावशीने ते ऐकलं. नवऱ्याचं म्हणणं, या वेळी कॉफी बंद केली की निम्मे प्रश्न सुटतील. करू का बंद?

उत्तर : अजिबात नको. कॉफी हा तुझ्या पत्रातला सगळ्यात सोपा प्रश्न आहे. बंद केलीस तर बाकीचे प्रश्न होते तिथेच राहतील, वर मावशी रुसेल ती वेगळीच.

आधी झोपेचं बघू. पुण्यात ऊन उतरलं की मावशी कॉफी ठेवत असणार, म्हणजे साडेपाच-सहाला. जूनमध्ये तुमच्याकडे सूर्य नऊला मावळतो. निवृत्त माणूस घड्याळापेक्षा उजेडाकडे बघून दिवस काढतो. ऊन उतरायची वाट बघता बघता तिचा संध्याकाळचा कप रात्री आठवर गेला असेल आणि तुम्हा नोकरीवाल्यांच्या ते लक्षातही आलं नसेल, अशी मला दाट शंका आहे. पोटात गेलेल्या कॅफीनपैकी अर्धं अंगातून जायला साधारण पाच तास लागतात, काहींना त्याहून जास्त. म्हणजे रात्री एकलाही अर्धा कप शिल्लक. त्यात पुण्याच्या आणि तुमच्या घड्याळात उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक. पहिल्या आठवडाभराची जागरणं तर विमानाच्या खात्यात टाक, कॉफीच्या नको.

तेव्हा शेवटचा कप दुपारी तीनपर्यंत. त्यानंतर हवीच असेल तर डिकॅफ, म्हणजे कॅफीन काढलेली कॉफी. तीही नको म्हणाली तर दुधात नुसतं जायफळ-वेलदोडा. आणि हे तिला 'डॉक्टरांनी सांगितलंय' अशा सुरात सांगू नकोस. "मावशी, इथला दिवस फसवा असतो गं" एवढं पुरे. जिने जन्मभर नोकरी करून घर चालवलं, तिला कारण कळलं की ती स्वतःच वेळ बदलेल.

प्रमाणाचं म्हणशील तर हेल्थ कॅनडा, म्हणजे तुमच्याकडचं सरकारी आरोग्य खातं, निरोगी प्रौढांसाठी दिवसाला 400 मिलिग्रॅम कॅफीनची मर्यादा सांगतं. एक सपाट चमचा इन्स्टंट कॉफीत साधारण 60 मिलिग्रॅम असतं. चिकोरी म्हणजे भाजलेल्या मुळाची पूड, तिच्यात कॅफीन नसतंच, त्यामुळे चिकोरी मिसळलेल्या आपल्याकडच्या पावडरीत आणखी कमी. म्हणजे मावशीचे घरचे चार कप जेमतेम तुझ्या नवऱ्याच्या टिम हॉर्टन्सच्या (तुमच्याकडची ती कॉफीच्या दुकानांची साखळी) एका मोठ्या कपाइतके. ऑफिसला जाताना तो गाडीत काय घेऊन बसतो ते एकदा बघ आणि कॉफी बंद करायची कल्पना त्याच्याकडेच परत पाठव. रक्तदाबाचं मात्र तिच्या डॉक्टरांना विचारून घ्या. डोस नुकताच वाढलाय, आणि कॉफीने रक्तदाब थोडा वेळ का होईना, चढू शकतो.

खरी काळजी घ्यायची ती सकाळी. थायरॉईडची गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर. कॉफी त्यानंतर अर्ध्या ते एक तासाने, कारण लगेच घेतली तर गोळी नीट शोषली जात नाही. कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्या असतील तर त्या चार तास लांब ठेवायच्या. पुण्यात हे ती पाळत असेलही. परक्या घरात मात्र उठल्या उठल्या कुणीतरी प्रेमाने कप हातात देतं आणि क्रम चुकतो.

आता तिची कॉफी तुमच्याकडे घरच्यासारखी का होत नसणार, ते. दूध! आपल्याकडच्या फुल क्रीम दुधात किमान 6 टक्के स्निग्धांश असतो. तुमच्या पिशवीतल्या होमो मिल्कमध्ये 3.25. शिवाय ते होमोजिनाइज्ड, म्हणजे स्निग्धांश दुधात एकजीव केलेलं, त्यामुळे कितीही तापवलंत तरी आपल्यासारखी जाड साय धरत नाही. मावशीची कॉफी म्हणजे पाण्याचा थेंब न घालता दुधात उकळलेली, वर साय हवी की नको यावर घरात दोन तट पडतील अशी. तिला ते दूध पाणीच वाटणार. जाड बुडाच्या पातेल्यात ते थोडं आटवायचं किंवा त्यात 10 टक्क्यांचं हाफ अँड हाफ (दूध आणि क्रीमचं तयार मिश्रण) चमचा-दोन चमचे घालायचं. चव बरीचशी घरची होते. जायफळ अख्खं आण आणि ऐन वेळी किसणीवर दोनदा फिरव. डबीत पडून पडून पुडीचा वास उडतो. पण हात आखडता ठेव. चिमूटभर जायफळ सुगंधाला ठीक, चमचाभर पोटात गेलं तर अपाय होतो. तुमची शेगडी इंडक्शनची असेल तर पुण्याहून येणारं जुनं अॅल्युमिनियमचं पातेलं तिच्यावर चालणार नाही, हे आधीच कळव. आणि कृपा करून तिला कॅप्सूलच्या मशीनसमोर उभं करू नकोस.

ही सगळी कॉफी तू करून द्यायची नाहीस, तिने करायची. मागच्या वेळी गाडी बहुधा इथेच अडली. तिला तुम्ही पाहुणी म्हणून ठेवलंत. सगळं हातात दिलंत, ओट्याशी जागा दिली नाहीत. सासूबाईंना ती जागा मिळालेली होती आणि कुणी ती घेईल या धास्तीने त्या तिथून हलत नव्हत्या. त्यांच्या बाजूनेही जरा बघ. स्वतःचं चालतं घर बंद करून त्या परदेशात सुनेच्या घरात राहतायत, जिथे पिठाचा डबा कुठे असावा हेही त्या ठरवत नाहीत. त्यांच्याकडे उरलाय तो चार वाजताचा चहा. त्यात दुसरी बाई आली, जिला सून आई मानते. अशा वेळी माणूस बोलू नये ते बोलतं.

ते वाक्य मात्र सोडून द्यायचं नाही. त्यावर बोलायचं तुझ्या नवऱ्याने, तू नव्हे. घरच्यांची बैठक वगैरे नको. एके दिवशी दोघेच असताना त्याने म्हणावं, "आई, हिला मावशीनेच वाढवलंय, माझ्या दृष्टीने त्या हिची आईच आहेत. पुन्हा तसं बोलू नकोस." तू बोललीस तर ते सासू-सुनेचं भांडण होईल. त्याने म्हटलं तर ती घराची रीत होईल. तो टाळाटाळ करेल. करू देऊ नकोस. मुलं आहेत का ते तू लिहिलं नाहीस, पण असतील तर ती मावशीला थेट आजी म्हणू देत. सासूबाईंना 'आजी' आणि हिला 'मावशीआजी' अशी लांबलचक हाक, असं नको.

बाकी व्यवस्था अगदी साधी. मावशीचं पातेलं वेगळं, गाळणं वेगळं, फडताळात एक कप्पा तिचा. सकाळी साडेसात ते आठ ओटा तिचा, चारला सासूबाईंचा. आठवड्यातून एकदा दोघींना बसने जवळच्या टिम हॉर्टन्समध्ये पाठव. तू जाऊ नकोस. मावशीला 'डबल डबल', म्हणजे दोन क्रीम, दोन साखर, नक्की आवडेल. सासूबाईंसाठी तिथे स्टीप्ड टी, म्हणजे पत्ती मुरवून केलेला चहा, मिळतो. तुझ्यासमोर त्या दोघी तुझ्यावरचा हक्क मोजत बसतात. काउंटरवरच्या पोराचं इंग्रजी दोघींना सारखंच कळणार नाही, तिथे त्यांना एकमेकींची गरज पडेल. मैत्री होईलच असं मी म्हणत नाही. बसमध्ये शेजारी बसण्याइतपत जमलं तरी मिळवलं.

आता व्हिसा. सुपर व्हिसा फक्त आई-वडील आणि आजी-आजोबांसाठी आहे. त्यावर 2022 पासून एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं. तुला वाढवलं असलं तरी कायद्याच्या लेखी मावशी आई नाही. दत्तकपत्राची कल्पना डोक्यातून काढून टाक. 1956च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याप्रमाणे, वेगळी रूढी असल्याशिवाय, पंधरा वर्षं पूर्ण झालेल्याला दत्तक घेता येत नाही. आत्ता केलेल्या कागदाने काही साधणार नाही, उलट अर्जावर संशय येईल.

साधा व्हिजिटर व्हिसा घ्या. त्यावर सहसा सहा महिने राहता येतं आणि मुदत संपण्याआधी वाढीसाठी अर्जही करता येतो. निमंत्रणपत्रात नातं खरंखुरं लिही : आई गेल्यानंतर हिनेच वाढवलं. शाळेच्या जुन्या कागदांवर पालक म्हणून तिची सही असेल तर त्याच्या प्रती जोड. ती परत जाणार हे दाखवायला पुण्यातलं घर आणि पेन्शनचे कागदही लागतील.

सुपर व्हिसाला किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. व्हिजिटर व्हिसाला सक्ती नाही, तरी विम्याशिवाय तिला आणू नकोस. तिकडच्या हॉस्पिटलमध्ये परदेशी पाहुण्याच्या एका रात्रीचं बिल तुमचे काही महिन्यांचे हप्ते खाऊन टाकतं. आणि या पॉलिसींमध्ये आधीपासूनचा आजार 'स्थिर' असण्याची अट असते : ठरावीक दिवसांत औषध किंवा डोस बदललेला असेल तर त्या आजाराचा खर्च मिळत नाही. मावशीचा डोस गेल्याच महिन्यात बदललाय. तिकीट काढायच्या आधी विमा कंपनीला हे लेखी विचार आणि उत्तरही लेखीच घे. गरज पडली तर प्रवास दोन-तीन महिने पुढे ढकल.