जॉर्जियातल्या बाप्टिस्ट मंडळीत पाळक म्हणून येण्याआधी

ख्रिस्तात सप्रेम सलाम, पाळकसाहेब.

नगरला सीएनआयच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या) मंडळीत तुमची सेवा चालू आहे, आणि इथे अमेरिकेत, मध्य जॉर्जियातल्या एका गोऱ्या बाप्टिस्ट मंडळीनं तुम्हाला सहपाळक म्हणून बोलावलं आहे. काळ्या आणि गोऱ्या विश्वासणाऱ्यांमधल्या समेटाची सेवा तुमच्यावर सोपवायची आहे म्हणतात. पत्नी आणि सात वर्षांची मुलगी बरोबर येणार. काय काय बघून हो म्हणावं, असं तुम्ही विचारलंत. मी स्वतः तुमच्यासारखाच भारतातून येऊन इथे सेवा करतो; प्रश्न वाचल्यापासून माझं मन थाऱ्यावर नाही, म्हणून उत्तर लांबणार आहे. व्हिसाची फी, मुलाखत, फोटोचा आकार हे सरकारी संकेतस्थळावर आहे, ते सोडतो.

एक कागद मात्र आधी, कारण तिथे अडलात तर पुढचं सगळं व्यर्थ. आर-वन, म्हणजे धार्मिक सेवकांच्या व्हिसासाठी अर्जाआधीची किमान दोन वर्षं तुम्ही त्याच पंथाचे सभासद असावे लागता. सीएनआयमध्ये बिशप आहेत, बाप्टिस्टांत नाहीत. बाळाचा बाप्तिस्मा सीएनआयला चालतो, बाप्टिस्टांना नाही. १९७० साली नागपुरात सीएनआय स्थापन झाली तेव्हा बाप्टिस्टांचा एक गट तिच्यात सामील झाला होता, हा मुद्दा वकील मांडू शकेल, पण नुसत्या इतिहासावर अर्ज उभा राहत नाही. तेव्हा सर्च कमिटीला, म्हणजे मंडळीच्या पाळक शोधणाऱ्या समितीला, पहिलं पत्र याच विषयावर लिहा: सभासदत्वाचा पुरावा म्हणून काय धरणार, आणि वकिलाचं लेखी मत कुठे आहे? तुमचा बाप्तिस्मा लहानपणी पाणी शिंपडून झाला असेल तर तेही आत्ताच सांगा. बहुतेक बाप्टिस्ट मंडळ्या पूर्ण पाण्यात बुडवून घेतलेल्या बाप्तिस्म्याशिवाय सभासद करत नाहीत, पाळक तर दूरच. आईवडिलांच्या मांडीवर झालेला बाप्तिस्मा जमेत धरायचा नाही, हे पचवणं सोपं नाही. त्यावर घरी बोला, प्रार्थना करा, आणि मगच कागदावर सही करा.

आता बाप्टिस्टांची रचना. इथे प्रत्येक मंडळी स्वतंत्र. पाळकाला बोलावते सभासदांची सभा आणि काढतेही तीच. वर बिशप नाही, बदली नाही, अपील नाही. जिल्ह्याची असोसिएशन सल्ला देईल, हुकूम देऊ शकत नाही. आणि तुमचा व्हिसा त्याच मंडळीला बांधलेला. एच-वन-बीवाल्यांची नोकरी गेली तर ६० दिवसांपर्यंत मुदत मिळते. आर-वनवाल्यांना ती मुदत नाही. म्हणजे बुधवारी रात्रीच्या बिझनेस मीटिंगमध्ये, म्हणजे सभासदांच्या सभेत, मत विरोधात गेलं की गुरुवारी सकाळी तुमच्या घराच्या पायाखालची जमीन गेलेली असते. म्हणून मंडळीची घटना आणि नियमावली मागवा, आणि पाळकाला दूर करण्याचं कलम सर्वात आधी वाचा: साधं बहुमत की दोन तृतीयांश, किती दिवसांची नोटीस, किती सभासद हजर हवेत. निदान सहा महिन्यांचा पगार, विमा आणि परतीचं भाडं नियुक्तिपत्रात लिहून घ्या. गेल्या दोन वर्षांच्या सभांची इतिवृत्तं आणि तीन वर्षांचं अंदाजपत्रकही मागा. देताना कुरकुर झाली तर ती लक्षात ठेवा.

हे मी एवढं ताणून का सांगतो? कारण समेटाच्या प्रश्नावर पाळक काढले गेल्याचा इथे मोठा इतिहास आहे. सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन हा बाप्टिस्ट मंडळ्यांचा संघ. ते १८४५ साली याच राज्यात, ऑगस्टा शहरात स्थापन झालं, आणि वाद होता गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी म्हणून पाठवावं का, हा. गुलामगिरीच्या समर्थनाबद्दल कन्व्हेन्शननं जाहीर क्षमा मागितली १९९५ साली, अटलांटात. कन्व्हेन्शनच्या लुईव्हिल इथल्या सेमिनरीनं, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयानं, २०१८ मध्ये स्वतःच्या इतिहासावर अहवाल काढला. तिच्या चार संस्थापकांनी मिळून ५०हून अधिक माणसं गुलाम म्हणून बाळगली होती, हे त्यात नोंदलं आहे.

मेकन शहरातलं १९६६ सालचं प्रकरण तर प्रत्येक मिशन-क्षेत्रातून आलेल्या पाळकाला ठाऊक हवं. घानाचा सॅम ओनी सदर्न बाप्टिस्ट मिशनऱ्यांच्या सेवेतून विश्वासात आला, १९६३ मध्ये मर्सर विद्यापीठातला पहिला काळा विद्यार्थी झाला. त्याच विद्यापीठाच्या आवारालगतच्या टॅटनल स्क्वेअर बाप्टिस्ट मंडळीनं त्याला दारातून परत पाठवलं. दार उघडावं म्हणणारे पाळक थॉमस होम्स आणि त्यांचे दोन सहकारी, तिघांनाही मंडळीनं मत घेऊन काढलं. ज्या लोकांच्या अर्पणातून सुवार्ता घानाला गेली, त्यांच्याच बाकावर त्या सुवार्तेचं फळ बसू शकलं नाही.

आणि आपल्याशी थेट नातं असलेली गोष्ट १९५०ची. अमेरिकस गावाजवळच्या कोइनोनिया शेतावर क्लॅरेन्स जॉर्डन आणि त्यांचे सोबती काळ्या-गोऱ्यांनी एकत्र राहावं म्हणून झटत होते. त्यांनी एका भारतीय विद्यार्थ्याला रेहोबोथ बाप्टिस्ट मंडळीत उपासनेला नेलं. सावळ्या रंगामुळे लोकांनी त्याला काळा समजलं, आणि कोइनोनियाच्या सभासदांना मंडळीतून काढून टाकलं. आज त्याच भागात तुम्हाला आणि मला व्यासपीठावर बसवतात, पुष्कळदा याच कारणानं की आपण काळे नाही. या स्वागताचं ओझं माझ्यावर अजून आहे. लोक खरोखर प्रेमळ आहेत; आजारपणात आठवडाभर डबे आणून देतात. पण शेजारच्या गल्लीतल्या काळ्या पाळकाला जे कधी मिळालं नाही ते मला पहिल्याच महिन्यात मिळालं, हे मी प्रभूसमोर अजून नीट मांडू शकलेलो नाही. तुम्हालाही ते मिळेल. तेव्हा पहिला प्रश्न स्वतःला विचारा: समेट दोघांत असतो, मग तिसऱ्याला का बोलावलं जातंय?

कामाबद्दल बोलतो. नेहमीचा कार्यक्रम असा असतो: फेब्रुवारीतल्या एका रविवारी दोन्ही मंडळ्यांनी पाळकांची अदलाबदल करायची, संध्याकाळी एकत्र जेवण, फोटो. हे फसतं, आणि कारणं ठरलेली आहेत. पाळक जातात, लोक जात नाहीत. गोऱ्यांची उपासना तासाभरात आटोपते, काळ्यांची दोन तास सहज चालते, आणि अकराला सुरू झालेल्या उपासनेतून बारा वाजता गोरी कुटुंबं उठायला लागली की यजमानांना जे कळायचं ते कळतं. जेवताना जो तो आपल्यांत बसतो. त्यासाठी साध्या गोष्टी कराव्या लागतात. आठ जणांचं टेबल, चार-चार माणसं नावं लावून. जेवण दर महिन्याला, एकदा इकडे एकदा तिकडे. सहा जेवणं होईपर्यंत कसलंही संयुक्त निवेदन काढायचं नाही. मुलांच्या खोलीत दोन्हीकडच्या बायका एकत्र राबल्या की तिथे ओळख लवकर होते, गायकवृंदाचंही तसंच. उपदेशानं माणसं जवळ येतात यावर माझा विश्वास आहे, पण भांडी घासताना ती लवकर येतात.

मेकनमध्येच फर्स्ट बाप्टिस्ट नावाच्या दोन मंडळ्या कोपऱ्याच्या अलीकडे-पलीकडे आहेत, एक गोरी, एक काळी, मूळ एकच. दोघींनी माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या पुढाकारातून झालेल्या न्यू बाप्टिस्ट कव्हनंट या समेटाच्या चळवळीच्या आधारानं एकमेकींशी करार केला. त्यांचा अनुभव मागवून वाचा. तुम्ही येणार त्याच भागातला आहे.

तुमची मंडळी १८६५च्या आधीची असेल तर तिची जुनी नोंदवही शोधा. तिच्यात गुलाम सभासदांची नावं असतात, पुढे आडनाव नाही, मालकाचं नाव. यादवी युद्धानंतर ही माणसं बाहेर पडून स्वतःच्या मंडळ्या उभारत गेली, आणि शेजारची काळी मंडळी बहुधा त्यांचीच. जॉर्जियातल्या बऱ्याच वह्या मर्सर विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत, काही नॅशव्हिलच्या बाप्टिस्ट संग्रहालयात मायक्रोफिल्मवर. काम असं करा: आधी डीकन मंडळाच्या, म्हणजे पाळकाबरोबर मंडळीची सेवा सांभाळणाऱ्या निवडलेल्या सभासदांच्या, दोन माणसांना बरोबर नेऊन वाचा, मग काळ्या मंडळीच्या पाळकांना आणि वयस्कर सभासदांना प्रत द्या, ती नावं जाहीर वाचायची का आणि कुठे हे त्यांना ठरवू द्या. क्रम उलटा झाला, म्हणजे गोऱ्या मंडळीनं आपल्याच उपासनेत वाचून आपणच डोळे पुसले, तर दुसऱ्या बाजूला फक्त ताजी जखम उरते.

त्यानंतर पैसा आणि मतं. प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय तुम्ही कित्येकदा शिकवला असेल. ग्रीक भाषक विधवांकडे दुर्लक्ष होतंय अशी कुरकूर झाली तेव्हा निवडलेल्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच हाती वाटप दिलं. तुमच्या मंडळीत काळे सभासद असतील तर डीकनांत किती, फायनान्स कमिटीत किती, इमारतीच्या किल्ल्या कुणाकडे, हे विचारा. ‘सगळ्यांचं स्वागत आहे’ हे उत्तर पुरेसं नाही.

एखाद्या शनिवारी काळ्या तरुणावर गोळी चालल्याची बातमी येईल. रविवारी गप्प राहिलात तर एक बाजू दुखावेल, बोललात तर दुसरी. मार्ग असा: शनिवारी रात्रीच डीकनांच्या अध्यक्षांना फोन करून काय प्रार्थना करणार ते सांगा, परवानगी मागू नका. उपदेशाआधीच्या प्रार्थनेत मृताचं नाव घ्या, त्याच्या आईसाठी प्रार्थना करा, विलापाचं एक स्तोत्र वाचा, तिथेच थांबा. उपदेशात वंशाचा विषय हवा तेव्हा सुटं वचन उचलू नका. इफिसकरांस पत्र पहिल्या अध्यायापासून ओळीनं घ्या. मधली भिंत पाडल्याचं वचन दुसऱ्या अध्यायात आपसूक येतं, आणि पाळकानं मुद्दाम निवडलं असं कुणी म्हणू शकत नाही. वंशभेद कायद्यांत आणि संस्थांतच रुजलेला आहे असं मांडणाऱ्या क्रिटिकल रेस थिअरीवरून कन्व्हेन्शनच्या २०१९च्या बर्मिंगहॅम अधिवेशनात ठराव झाला, २०२०च्या शेवटी सेमिनरींच्या सहा अध्यक्षांनी त्या विचाराविरुद्ध निवेदन काढलं, आणि काही नामवंत काळे पाळक कन्व्हेन्शन सोडून गेले. त्या थिअरीचा शिक्का तुमच्यावर एका वाक्यावरून बसू शकतो. ज्या शब्दांवर वाद पेटलेला आहे ते टाळा, पवित्र शास्त्राचे शब्द वापरा. ते पुरेसे कडक आहेत.

तुम्हाला जातीबद्दल विचारतील. कधी जिज्ञासेनं, कधी ‘तुमच्याकडेही आहेच की’ म्हणून विषय मिटवायला. आपल्या मंडळ्यांमध्येही सोयरीक जुळवताना जात निघते, हे सरळ कबूल करा, आणि मग सांगा की जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. महाराष्ट्रातून आलेल्या माणसानं हे सांगितलं की संभाषण मिटत नाही, पुढे जातं.

पगाराचं थोडक्यात: ‘पॅकेज’ म्हणून जो आकडा सांगतात त्यात घरभाडं, विमा, निवृत्तिवेतन, गाडी सगळं धरलेलं असतं, तेव्हा फोड करून मागा. घरभाडे भत्त्याचा ठराव मंडळीनं आगाऊ करायचा असतो, मागल्या तारखेनं चालत नाही. करासाठी निवासी ठरलात की पाळक म्हणून सामाजिक सुरक्षेचा १५.३ टक्के कर सगळा स्वतः भरावा लागतो, घरभाड्यावरसुद्धा. तुमच्या पत्नीला आर-टू, म्हणजे आर-वनवाल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. पण पियानो, संडे स्कूल, स्त्रियांची सभा हे बिनपगारी तिच्याकडे येणार. किती करेल हे तिलाच आधी ठरवू द्या.

एकटेपणाबद्दल विचारलंत. येतो, आणि कामात जातो.

मुलीच्या शाळेबद्दल मात्र मला राहवत नाही. प्रवेशाच्या वेळी घरच्या भाषेचे प्रश्न विचारतात. मराठी लिहिलंत की इंग्रजीची चाचणी होते आणि बहुधा तिला काही तास वर्गाबाहेर वेगळं बसवतात. मराठी लिहाच, पण चाचणीचे गुण लेखी मागा आणि दर वर्षी ती पुन्हा घेतात का ते बघा. लसीकरणाचा फॉर्म ३२३१ आणि दात-डोळे-कान तपासणीचा फॉर्म ३३०० लागतो, तो इथल्या डॉक्टरकडून. शाळा ऑगस्टच्या सुरुवातीलाच उघडतात, तेव्हा जुलैच्या मध्यापर्यंत पोचा. मंडळी म्हणेल, आमचीच ख्रिस्ती शाळा आहे, पाळकाच्या मुलीला फी नाही. तेव्हा शाळेचं स्थापना-वर्ष विचारा. दक्षिणेतल्या अशा कितीतरी खासगी शाळा १९६५ ते १९७५च्या सुमारास, सरकारी शाळांत काळी मुलं बसू लागली म्हणून निघाल्या. आज त्यांतल्या काही बदलल्या आहेत, काहींचा वर्ग पाहिला की कळतं. समेटाची सेवा करणाऱ्या पाळकाची मुलगी तिथे, आणि ज्यांच्याशी समेट करायचा त्यांची मुलं सरकारी शाळेत, हे मंडळीला कधीच खटकलं नाही. माझ्या घरात या विषयाची शांती अजून झालेली नाही.

मत घेण्याआधी तुम्हाला उपदेशासाठी शनिवार-रविवार बोलावतील. शनिवारी वेळ मागून घ्या आणि शेजारच्या काळ्या मंडळीच्या पाळकांना जाऊन भेटा. ‘हे पद निर्माण करण्याआधी तुम्हाला कुणी विचारलं होतं का’, एवढंच त्यांना विचारा. त्यांना ते तुमच्याकडूनच पहिल्यांदा कळत असेल, तर सर्च कमिटीला तसं लेखी कळवा, आधी त्यांच्याशी बोलणं करा म्हणावं, आणि ते होईपर्यंत नियुक्तिपत्रावर सही करू नका.