कापड फाडण्याआधी

प्रिय मित्रा,

अनेक उत्तम आशीर्वाद.

जुन्या विमानांच्या कामात उतरायचंय, तर आधी काय शिकू, इंजिन की सुतारकाम, असं विचारलं आहेस. दोन्ही शीक. पण त्याआधी जुनी विमानं जपणाऱ्या इंग्लंडच्या रिचर्ड शटलवर्थबद्दल थोडं ऐक.

हा जन्मला १६ जुलै १९०९ ला. त्यानंतर नवव्या दिवशी लुई ब्लेरिओने विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली. पुढे त्याच बनावटीचं विमान याच्या पदरात पडावं, याची मला अजून गंमत वाटते. घरचा पैसा वाफेच्या इंजिनांचा. लिंकनचा क्लेटन अँड शटलवर्थ कारखाना यांच्याच घराण्याचा. गडी वेगाचा वेडा. १९३३ मध्ये कॉम्पर स्विफ्ट नावाचं चिमुकलं विमान उडवत इंग्लंडहून थेट हिंदुस्थानात शर्यतीला आला होता. १९३५ मध्ये डोनिंग्टनची मोटार शर्यत मारली. आणि त्याच वर्षी त्याने एक ब्लेरिओ आणि एक डेपेर्दुसाँ विकत घेतलं.

तेव्हा ही विमानं ऐतिहासिक नव्हती रे, नुसती जुनी होती. पंचवीस वर्षांपूर्वीच्या यंत्राला लोक अडगळच म्हणतात. ते ब्लेरिओ तर १९१२ मध्ये आपटलं आणि लंडनच्या एका रेल्वे पुलाखाली काही काळ पडून राहिलं होतं. शटलवर्थने ते बेडफर्डशरमधल्या ओल्ड वॉर्डनला आणलं, दुरुस्त केलं आणि उडवलं. मला त्याचं मोठेपण पैशात दिसत नाही, पैसेवाले पुष्कळ होते. वस्तूला किंमत येण्याआधी त्याला ती दिसली.

ते विमान आजही तिथंच आहे, मूळ तीन सिलिंडरच्या अंझानी इंजिनासकट. वळायचं तर तारांनी अख्खा पंख पिळावा लागतो. वारा अगदी पडलेला असेल तेव्हाच ते बाहेर काढतात आणि धावपट्टीवरून सरळ एक छोटीशी उडी मारून खाली उतरवतात. बस, एवढंच. नवं इंजिन बसवून झोकात गिरक्या मारता आल्या असत्या, पण मग ते ब्लेरिओ कसलं?

आता माझी एक चूक सांगतो. शिकाऊ असताना एका पंखाचं कुजकं कापड मी टराटरा फाडून काढलं. आत पंखाच्या लाकडी फासळ्यांवर मूळ सुताराने पेन्सिलीने आकडे टाकलेले, कापड शिवलेल्या दोऱ्याच्या गाठी काही ठिकाणी जशाच्या तशा. मी ना फोटो काढला, ना माप घेतलं. फासळ्या पोखरलेल्या, म्हणून नवीन करून जुन्या सरळ शेकोटीत घातल्या. महिन्याभराने कापड चढवायची वेळ आली, तेव्हा दोन गाठींत अंतर किती होतं हे कुणालाच सांगता येईना. अंदाजाने शिवलं. बघणारे वाहवा करतात. मी त्या पंखाजवळून जाताना मान खाली घालतो.

शटलवर्थला पुढे फार वेळ मिळाला नाही. २ ऑगस्ट १९४० ला हवाई दलात रात्रीचा सराव करताना त्याचं फेअरी बॅटल विमान कोसळलं. वय ३१. एकुलता एक मुलगा. त्याच्या आईने, डोरोथीने, ती विमानं विकून टाकली असती तर कुणी नाव ठेवलं नसतं. तिने १९४४ मध्ये त्याच्या स्मरणार्थ न्यास केला. विमानविद्येचं आणि शेतीचं शिक्षण हे त्याचं काम. पुढे १९६३ पासून लोकांना ती विमानं बघता येऊ लागली. जतनाच्या गोष्टीत या बाईचं नाव दुसऱ्या क्रमांकावर येतं, ते मला पटत नाही.

तर, इंजिन की सुतारकाम? आधी नोंदवही. आपण दोघं नसताना तिसऱ्याला ते यंत्र उघडता आलं पाहिजे, इतकी स्वच्छ. अक्षर वाईट असेल तर सुधार.

पुढच्या खेपेला येशील तेव्हा एका शेपटीचं कापड उतरवायचं आहे. मऊ पेन्सिल आणि मोजपट्टी घेऊन ये. दोरा ओवलेल्या चिठ्ठ्या मी कापून ठेवतो. कात्री मात्र पहिले दोन दिवस माझ्याकडेच राहील.

तुझा,
काका