विकसनशील देशांतल्या मुस्लिम स्त्रियांचं सक्षमीकरण मोजायचं कसं?

शिक्षण, नोकरी आणि बँक खातं, एवढे आकडे पुरतील का, असं तुम्ही विचारलंय. मी मिरजेत बचत गटांचं काम करते, अधूनमधून पाहण्यांचे फॉर्मही भरून देते. माझं उत्तर: नाही पुरत.

खात्याचंच घ्या. स्वतः वापरतात असं खातं असलेल्या बायका राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१५-१६ साली ५३ टक्के होत्या, २०१९-२१ मध्ये ७८.६ टक्के. देशभरातल्या, सगळ्या धर्मांच्या. आकडा झकास आहे. पण आमच्या गटात पासबुक बाईच्या नावाचं, एटीएम कार्ड पोराच्या पाकिटात आणि पिनही त्यालाच पाठ, अशी घरं मला बोटांवर मोजता येणार नाहीत. बांगलादेशातल्या छोट्या कर्जांच्या अभ्यासांतही नव्वदच्या दशकात हेच दिसलं होतं: कर्ज बायकोच्या नावावर, पैसा नवऱ्याच्या हातात.

नायला कबीर या अभ्यासक बाईंनी १९९९ मध्ये सक्षमीकरणाची तीन अंगं सांगितली: साधनं, स्वतः ठरवण्याची ताकद आणि त्यातून पदरात काय पडलं. पहिलं आणि तिसरं मोजता येतं. घोळ मधल्याचा. त्यासाठी पाहणीत ठरलेला प्रश्न असतो, "तुमच्या औषधपाण्याचं कोण ठरवतं?"

हा प्रश्न मी चाळिशीच्या एका बाईंना विचारला. सासू कॉटवर सुपारी कातरत बसलेली. बाई म्हणाल्या, "वोच." म्हणजे नवरा. मी खूण केली. जरा वेळाने सासू नमाजाला उठली, तेव्हा सहज विचारलं, मागच्या खेपेला आजारी पडलात तेव्हा काय केलंत? तर बाई एकटीच रिक्षाने सिव्हिलला जाऊन आलेली, भिशीच्या पैशातून. घरी विचारलं नाही? "पूछना कायकू? पैशे मेरे थे."

आता खूण कुठे करू, सांगा.

म्हणून "कोण ठरवतं" असं मोघम न विचारता शेवटचा प्रसंग विचारा, आणि तोही बाई एकटी असताना.

मुस्लिम बायकांसाठी मी आणखी एक प्रश्न घातला असता: मेहर, म्हणजे निकाहात नवऱ्याने बायकोला द्यायचं ठरलेलं धन, किती ठरला होता, हातात किती आला? मेहर हा बायकोचा स्वतःचा हक्क, तिच्या बापाचाही नाही. बहुतेकजणी हसून म्हणतात, "माफ कर दी." कधी, कुणासमोर, कशासाठी केला, इथे खरी माहिती मिळते. काहींना तर रक्कमच ठाऊक नसते. वारशाचंही तेच. शरियतनुसार मुलीला मुलाच्या निम्मा वाटा आहे, पण मागितला तर माहेर तुटेल या भीतीने सोडतात. (माझ्या मराठा मैत्रिणींनीही हक्कसोडपत्रावर सह्या याच भीतीने केल्यात. तेव्हा तुलना करायचीच तर एकाच गल्लीतल्या, एकाच कमाईच्या घरांची करा.)

बुरखा मात्र मोजमापात घेऊ नका. आमच्या गटाचा हिशोब लिहिणारी आणि बँकेत मॅनेजरशी वाद घालणारी बाई बुरख्यातच असते.

आणि फॉर्म भरताना "खातं आहे का" विचारून थांबू नका. पासबुक दाखवा म्हणा. ती स्वतः उठून आणते की आत कुणाला तरी हाक मारते, ते बघा.