माझी बेरीज आधी ३२ आली होती

तपासण्या सगळ्या नॉर्मल, डॉक्टर आयबीएस म्हणतात (इरिटेबल बाउल सिंड्रोम, आतड्याचा चिवट त्रास), पण घराबाहेर पडायचं म्हटलं की पोटात गोळा येतो; ही धास्ती मोजता येते का, असं तुम्ही विचारलंय.

येते. व्हिसेरल सेन्सिटिव्हिटी इंडेक्स नावाची प्रश्नावली आहे, २००४ साली जेनिफर लेबस आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेली. मी डॉक्टर नाही, आयबीएसचा जुना पेशंट, सोलापूरचा. समुपदेशक मॅडमनी ती माझ्याकडून भरून घेतली. त्यातलं एक वाक्य साधारण असं: नव्या ठिकाणी गेलो की आधी संडास शोधतो. वाचून हसूच आलं. अहो, पुण्याला निघालो की मला मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण ही गावं आठवायचीच नाहीत, तिथली स्वच्छतागृहं आठवायची! म्हणून एसटी सोडून रेल्वे धरायचो, डब्यातच सोय असते. गड्ड्याच्या जत्रेला तर पोरांना बायकोबरोबर पाठवून द्यायचो.

अशी १५ वाक्यं आहेत. प्रत्येकाला पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत अशा ६ पायऱ्या, ० ते ५ गुण, एकूण ७५. गुण जास्त तितकी धास्ती जास्त. घोळ होतो तो इथे: कागदावर १ म्हणजे पूर्ण सहमत, ६ म्हणजे पूर्ण असहमत, त्यामुळे आकडे उलटवून (१ ला ५, ६ ला ०) गुण धरावे लागतात. मी न उलटवताच बेरीज केली, ३२ आली, खूश झालो. मॅडमनी उलटवून ५८ काढले.

यात फक्त पोटाबद्दल विचारतात. नेहमीच्या चिंतेच्या प्रश्नावलीत मी साधाच निघालो होतो. कर्ज, पोरांची शिक्षणं यांनी माझी झोप कधी उडाली नाही. आतड्याला सूज असलेल्या, म्हणजे कोलायटिस वगैरेच्या पेशंटनाही ही प्रश्नावली देतात.

मात्र हिने रोगाचं निदान होत नाही. शौचातून रक्त, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब असं काही असेल तर प्रश्नावली बाजूला ठेवा, आधी डॉक्टर. आणि शेजाऱ्याच्या गुणांशी तुलना करू नका, आपल्याच मागच्या गुणांशी करा. उपचार सुरू व्हायच्या आधी एकदा भरा, तीन-चार महिन्यांनी पुन्हा.

माझे आता ४१ आहेत. गेल्या महिन्यात एसटीनं पुण्याला गेलो. इंदापूरला उतरलो आणि आधी चहा घेतला.