फुगलेली शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून?

प्रश्न : पायाच्या शिरा फुगल्यामुळे डॉक्टरांनी शीर आतून बंद करायला सांगितलं आहे. मग रक्त वर कसं जाणार? लेसर बरं की रेडिओफ्रीक्वेन्सी?

उत्तर : पायातलं सुमारे 90 टक्के रक्त खोल शिरांमधूनच वर जातं. झडपा निकामी झालेल्या वरवरच्या शिरेत ते उलटं खाली येतं, म्हणून ती बंद केल्यावर भार हलकाच होतो. मात्र खोल शिरा मोकळ्या हव्यात. डॉप्लर, म्हणजे शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, उभं राहूनच करून घ्या. उलटा प्रवाह 0.5 सेकंदापेक्षा जास्त टिकला तर दोष धरतात.

लेसर (प्रकाशकिरणांची उष्णता) की रेडिओफ्रीक्वेन्सी (रेडिओलहरींची उष्णता) यात फार अडकू नका; दोन्हींत शीर आतून तापवूनच बंद करतात आणि गुण जवळपास सारखा. रेडिओफ्रीक्वेन्सीत साधारण 7 सेंटिमीटरचा भाग 120 अंश सेल्सिअसला 20 सेकंद तापवतात, मग पुढचा. खरं कौशल्य शिरेभोवती सोडायच्या, भुलीचं औषध मिसळलेल्या सलाइनमध्ये. ते कमी पडलं की त्वचा भाजते किंवा गुडघ्याखाली मज्जातंतू दुखावून बधिरपणा येतो. जांघेत ही शीर खोल शिरेला मिळते, तिथून कॅथेटरचं, म्हणजे शिरेत घातलेल्या तापवणाऱ्या बारीक नळीचं, टोक निदान 2 सेंटिमीटर खाली हवं. नाहीतर गुठळी खोल शिरेत शिरू शकते.

त्याच दिवशी चालायला लागा. मांडीत तार ओढल्यासारखं दुखणं अपेक्षितच आहे. पोटरी सुजून दुखली तर मात्र लगेच डॉप्लर, आणि दम लागला तर थेट रुग्णालय.